देवीचं कापड झटकत नाहीत

जेवण अंमळ जास्तच झालंय. आमची सून वैजयंता, तिला 'बास' म्हणावं तर तिला 'वाढ' ऐकू येतं. पुरणाच्या एका पोळीवर भागलं असतं, तीन झाल्या. आता सोप्यातल्या बाजल्यावर आडवा झालोय. चैत्राची दुपार आहे. पंखा फिरतोय, पण वारा तव्यावरून आल्यासारखा गरम. छातीवर उद्याच्या भाषणाचा कागद ठेवलाय, तो श्वासाबरोबर वरखाली होतोय.

उद्या आमच्या जाखाईची जत्रा. उद्या काशालिंग गुरवाचा सत्कार आहे. एके काळी जाखाईची पूजा त्याच्याकडे होती. देवीची मोत्याची नथ त्यानं चोरली असा आळ आला, पूजा गेली, आणि तो बायकापोरं घेऊन इचलकरंजीला मागावर कामाला गेला. या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली. नथ त्यानं चोरलीच नव्हती हे दोन वर्षांपूर्वी गावाला कळलं, आणि तेव्हापासून निरोपावर निरोप धाडल्यावर आत्ता कुठं तो यायला तयार झालाय. जत्रा कमिटीचा अध्यक्ष मी, म्हणून भाषण माझं. आज चारच्या एसटीनं तो उतरणार आणि पहिला चहा माझ्या घरी घेणार.

भाषण झकास उतरलंय. 'निष्कलंक' हा शब्द दोनदा आलाय. एक गोष्ट मात्र त्यात नाही. तेहतीस वर्षांपूर्वी गावचा पोलीस पाटील मी होतो, आणि 'काशालिंगला पटक्यात काहीतरी खोचताना मी माझ्या डोळ्यानं बघितलं' असा जबाब देणाराही मीच होतो. मी काहीही बघितलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलासुद्धा नाही.

पापण्या जड होतात. पंख्याची घरघर लांब लांब जाते आणि तिच्या जागी दुसराच आवाज येतो. छ्छो... थाप. छ्छो... थाप. ओलं कापड दगडावर आपटताना परीट तोंडानं श्वास सोडतो, तो आवाज. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मी डोळे उघडतो.

बाजलं जागच्या जागी आहे, अंगण नाही. अंगणाच्या जागी नदी आहे. वैजयंताचं तुळशीवृंदावन पाण्यात गुडघाभर उभं आहे आणि त्याच्या शेजारी, लुगड्याचा काष्टा मारून, तितक्याच पाण्यात सरूआक्का परटीण उभी आहे.

"उठलासा व्हय तात्या?" ती म्हणते. "म्हटलं निजू द्यावं. पोळ्या तीन झाल्यात."

"आक्का, तू तर मार्गशीर्षात गेलीस. मी स्वतः खांदा दिलाय."

"दिलासा की. आन् समदा भार मागल्याच्या खांद्यावर टाकलासा. कळत हुतं मला."

ती हसते. मला भीती वगैरे काही वाटत नाही. खरं सांगू? मला आनंद होतो. या बाईएवढं दुसऱ्या कुणाला मी मनातून मानलेलं नाही, आणि जिवंतपणी तिला तसं एकदाही बोललो नाही.

अंगानं मूठभर बाई. चाळीस वर्षं साठ घरांची धुणी तिनं या दगडावर धुतली. प्रत्येक घराची खूण वेगळी. बिब्ब्याला सुई टोचायची, त्याचा काळा चीक कापडाच्या कोपऱ्याला लावायचा, वरून चुन्याचं बोट. कापड फाटेल पण ती खूण जायची नाही. आमच्या घराची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी दोन टिंबं. तिला अक्षर येत नव्हतं, पण साठ घरांच्या खुणा तोंडपाठ; कुणाचा साधा रुमाल कधी दुसऱ्याच्या घरी गेला नाही. आणि कापडं काय काय बोलतात ते परटिणीला विचारा! कुणाला खोकल्यातून रक्त पडतंय, कुठल्या सुनेच्या उशीचा अभ्रा रोज ओला असतो, सगळं तिला ठाऊक. तोंडातून मात्र कधी एक शब्द बाहेर आला नाही. गावची खबर ठेवायचं काम सरकारनं मला दिलं होतं, आणि खबर सगळी तिच्याकडे होती.

"द्या कापडं," ती हात पुढं करते.

मी धोतर देतो, टॉवेल देतो. ती घेते, उलटंपालटं करून बघते, गाठोड्यात टाकते.

"आन् त्ये?"

"हे कापड नव्हे आक्का. हे भाषण आहे."

"वाचा बगू."

मी उठून बसतो आणि वाचतो. "श्री. काशालिंग गुरव यांच्यासारख्या निष्कलंक माणसावर गैरसमजातून आळ आला..."

"कुनाच्या गैरसमजातनं?"

"गावाच्या."

"गावाच्या," ती म्हणते आणि कापड पिळत राहते. "गावानं डोळ्यानं बगितलं म्हना की मग."

मी कागदावरून मान वर करतो. नदी तीच आहे, पण तिच्या काठाला आता शाळेचा व्हरांडा लागलाय. चौकीतला जमादार पोरांच्या बाकावर बसलाय, गुडघे त्याच्या हनुवटीला टेकलेत. सगळं गाव व्हरांड्याच्या खाली उभं आहे. मी बत्तीस वर्षांचा आहे, मिशा काळ्याभोर, पोलीस पाटलाचा हुकूम हातात पडून दीड महिना झालाय. जत्रेचा दुसरा दिवस. सकाळी काशालिंगनं देवीचे अलंकार उतरवले, पेटीत ठेवायला घेतले, तर नथ नाही. त्यानंच आरडाओरडा करून माणसं गोळा केली. चोर कधी स्वतः बोंब मारतो का? पण हे सुचायला डोकं जागेवर असावं लागतं.

"काय पाटील?" जमादार सगळ्यांच्या देखत मला म्हणतो. "देवीच्या नाकातली नथ जाते आणि पाटलाला पत्ता नाही? सरकारनं काय नुसतं मिशांना तूप लावायला ठेवलंय तुम्हाला?"

गाव हसतं. माझा चुलत भाऊ हसतो, माझा सासरा हसतो. कान तापतात, बोट काशालिंगकडे जातं आणि तोंडातून वाक्य निघून जातं. "मी बघितलंय. काशालिंगनं पटक्यात काहीतरी खोचलं, मी डोळ्यानं बघितलंय." हसणं तिथल्या तिथं थांबतं. जमादार लिहायला घेतो. आणि मला काय बरं वाटतं म्हणून सांगू! ते बरं वाटणं आठवलं की आजसुद्धा अंगावर पाल पडल्यासारखं होतं. अलंकार उतरत होते तेव्हा मी देवळात नव्हतोच. घरी पाटावर बसून शेवयाची खीर ओरपत होतो. दुसरी वाटी.

शिपाई काशालिंगचा पटका सोडायला लागतो. पटका सुटतोच आहे, सुटतोच आहे, संपत नाही. पांढरं कापड व्हरांडा भरून खाली उतरतं. काशालिंग माझ्याकडे बघतो. त्याच्या डोळ्यांत राग असता तर परवडलं असतं. तो काहीतरी आठवत असल्यासारखा बघतोय.

"ह्येच ते कापड बगा," सरूआक्का म्हणते आणि पटक्याचं टोक उचलते. ते पटक्याचं टोक नाही. देवीचे अलंकार उतरवून ज्यावर मांडतात ते पांढरं सुती कापड आहे, आणि आम्ही तिच्या परसात भट्टीपाशी उभे आहोत. चुलवणावर मडकं चढलंय, सोड्याचा वास नाकात जातो. शाळेची घंटा मात्र इथंच कुठंतरी वाजते आहे.

"समद्या गावाची कापडं मी झटकून, खिसं चाचपून भट्टीला लावती," ती सांगते. "तुमच्या खिशात तर कायम तंबाखू. पन देवीचं कापड झटकत न्हाईत, तात्या. माझ्या सासूनं शिकवल्यालं. देवीचं कापड डोईवर आनायचं, घडी मोडायची न्हाई, तसंच्या तसं येगळ्या मडक्यात ठिवायचं. आपुन काय देवीचा झाडा घ्यायचा व्हय, चोराचा घ्यावा तसा? नथीचा आकडा सुतात अडाकल्याला. काशालिंगाला दिसला न्हाई, मला दिसला न्हाई. घातलं मडक्यात आन् लावली भट्टी."

ती मडक्यात हात घालते. वाफेत तिचा हात भाजत नाही. बाहेर येतो तेव्हा तळव्यावर नथ आहे. तार काळी पडलीय, मोत्यांचं पाणी पार उतरलंय. भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढरट मणी, त्यातले दोन तडकलेले.

"तिसऱ्या दिशी हाताला लागली. अशी."

"मग तेव्हाच का नाही आणून दिलीस?"

हा प्रश्न मी तिला जिवंतपणी विचारला नव्हता. विचारायची छाती नव्हती, कारण उत्तर मला अंदाजानं माहीत होतं. ती माझ्याकडे न बघता चुलवणातलं लाकूड मागं ओढते.

"निगाले हुते की. पदरात बांदून शाळंपातुर आले. तर जो तो म्हंतोय, पाटलानं डोळ्यानं बगितलंय. मी म्हटलं, आता मी नथ दाकवली तर काय म्हंतील? काशालिंगानं चोरली आन् परटिणीकडं दडवाय दिली. दोगं बी आत. घरात तीन लेकरं. मालक म्हनलं, गप बस. बसले गप."

मला खाली बसावंसं वाटतं. म्हणजे माझ्या एका वाक्यानं एकाला गावाबाहेर घातलं आणि दुसरीचं तोंड शिवलं.

"तसलं तोंड करू नगासा," ती म्हणते. "भ्याले ती मी. त्यात तुमचा वाटा न्हाई. माझं माज्यापाशी."

वाफ अंगावर येते. ती विरते तेव्हा हलगी वाजत असते आणि उन्हानं डोळे दिपतात. देऊळ. दोन वर्षांपूर्वीची जत्रा. पण भट्टीचं मडकं देवळाच्या पायरीवरच आहे आणि त्याला कुणी हळदकुंकू वाहिलंय.

पालखी बाहेर पडली की तिच्यापुढं पायघड्या घालायचा मान परटाचा. पांढऱ्या कापडाच्या लांब पट्ट्या. पालखी एकीवरून पुढं सरकली की मागची उचलायची, पळत पुढं यायचं, परत अंथरायची. खांदेकऱ्यांखेरीज त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. सरूआक्काच्या सुनांनी सगळ्या पायघड्या घातल्या, पण शेवटची एक ती कधी कुणाच्या हातात देत नसे. ती तीच धुवायची, तीच अंथरायची, तीच घडी करून उशाशी ठेवायची. म्हाताऱ्या माणसाची खोड म्हणून गाव हसायचं.

त्या दिवशी एकाहत्तर वर्षांची ही बाई ती पायघडी अंथरते आणि तिच्यावर बसकण मारते. पालखीच्या बरोबर पुढ्यात. खांदेकरी थांबतात, हलगीवाला थांबतो. कुणीतरी ओरडतं, "ए म्हातारे, ऊठ, भोवळ आली का?"

ती पायघडीचा काठ दातात धरते आणि शिवण फाडते. आतून नथ काढते, हात उंच करते.

"ही बगा जाखाईची नथ," ती म्हणते. आवाज चढवत नाही, पण शेवटच्या माणसाला ऐकू जातं. "काशालिंगानं चोरली न्हाई. माझ्या भट्टीत शिजली आन् मी दडवली. एकतीस सालं ह्या पायघडीच्या काठात शिवून जाखाईच्याच पायाखाली आतरली. वाटायचं, एकदा तरी तिच्या पायाला टोचंल, पालखी थांबंल. तिला टोचली न्हाई. मला मातुर रोज टोचती. आता मारायचं तर मारा, चौकीत न्यायचं तर न्या. पन त्याला हुडकून आना."

काय बाई होती हो! एक शब्द सारवासारवीचा नाही. नवऱ्यानं गप बसवलं म्हणून सांगता आलं असतं, तो मरून वीस वर्षं झाली होती, उठून थोडाच भांडणार होता? देवीचं कापड झटकत नाहीत ही रीतच आहे, चूक कशाची, असंही म्हणता आलं असतं. 'मी दडवली' एवढंच ती म्हणाली. माझ्या उभ्या आयुष्यात सत्कार पुष्कळ बघितले, भाषणं त्याहून पुष्कळ केली, पण माणूस मोठं होताना मी बघितलं ते तेवढं एकदाच, आणि तेव्हा ते माणूस जमिनीवर फतकल मारून बसलं होतं.

आणि मी? मी तिच्यापासून चार हातांवर, अध्यक्षाचा फेटा बांधून उभा.  हिशेब साधा होता. नथ परटिणीच्या गाठोड्यात होती, तर पाटलानं गुरवाच्या पटक्यात काय बघितलं? सगळ्या गावात माझं खोटं तिसऱ्या दिवसापासून ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे सरूआक्का. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता बोलणार. तिनं नजर काढून घेतली, पालखीला हात जोडले आणि बाजूला झाली.

नंतर पारावर कुणीतरी विचारलंच, "तात्या, तुम्ही तर बघितलं होतं म्हणे?" मी म्हणालो, "तंबाखूची पिशवी असेल रे. मला काय ठाऊक!" सगळे हसले, मीही हसलो. म्हणजे मी दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि या वेळी तर मिशाही पिकलेल्या होत्या.

ती स्वतःच्या पायानं चौकीत गेली. तिथल्या नव्या साहेबानं जुने कागद शोधले, ते सापडेनात. तो म्हणाला, आजी, घरी जा. मग ती एकटी एसटीत बसून इचलकरंजीला गेली, पत्ता विचारत विचारत, काशालिंगच्या दारात. हे सगळं मला लोकांकडून कळलं. मी तिला विचारलं नाही. तिच्या दारावरून जायचं झालं तर मी गल्ली बदलायचो.

आता देवळाच्या आवारात दोऱ्या बांधल्यात आणि सगळ्या गावाची कापडं वाळत घातलीत. मेलेल्यांचीसुद्धा. माझ्या बायकोचं हिरवं लुगडं आहे, आमच्या वडिलांची बंडी आहे. प्रत्येकाच्या कोपऱ्याला काळी खूण. सरूआक्का त्यांच्यामधून चालते आहे आणि मी तिच्या मागं मागं, लहानपणी आईच्या मागं जायचो तसा.

"आक्का, तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"कवा?"

"त्या दिवशी. पालखीपुढं. तुला माहीत होतं की मी खोटं बोललो."

ती थांबते. माझ्या वडिलांच्या बंडीची गुंडी लावते, जणू ते आतच आहेत.

"तुमच्या घरची कापडं तुमी दिल्याबिगर मी कदी नेली का वो?"

"कधी नाही," मी म्हणतो.

"दारात हुबी ऱ्हायची मी," ती म्हणते. "'कापडं द्या' म्हनायची. वैनी द्यायच्या तेवडी न्यायची. न्हाई दिलं तर न्हाई. आत काय मळलंय त्ये मला वासावरनं कळायचं, पन आत शिरून कदी उचललं न्हाई. माझं मी आनलं आन् धुतलं. तुमचं तुमी द्यायचं."

माझ्या डोळ्यांना पाणी येतं. मी तिला सांगून टाकतो, "आक्का, तुझ्यासारखं माणूस मी बघितलं नाही. मी तुला फार मानतो."

"मानतासा? मग एक ऐका. काशालिंगाच्या दारात गेले तर त्यो काय म्हनला, ठावं हाय?"

"शिव्या दिल्या असतील."

"म्हनला, आक्का, आत ये, च्या घे. मी पाया पडाय लागले तर पडू दिलं न्हाई. नथीचं ऐकून रडला. आन् मग मला इचारतोय, 'आक्का, नथ तुज्याकडं हुती, तर तात्यानं माज्या पटक्यात काय बगितलं?' मी म्हटलं, मला ठावं न्हाई. तर म्हंतोय, 'पाटील कशाला खोटं बोलंल? त्याचं आन् माजं काय वाकडं न्हवतं. माज्याच हातनं काईतरी झालं असंल. देवीचं काईतरी मी खोचलं असंल, आन् ध्यानात न्हाई.' एकतीस सालं त्यो बाबा आपलाच झाडा घेतोय, तात्या. अजून घेतोय."

कुठूनतरी तो पटका परत दिसतो, सुटत चाललेला, न संपणारा. काशालिंगची ती आठवत असलेली नजर आता मला कळते. शाळेच्या व्हरांड्यात तो माझ्याकडे बघत होता, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता. त्यानं चोरी केली नाही हे गावाला आता कळलंय. त्याला स्वतःला मात्र ते अजून कळलेलं नाही, आणि सांगणारा मी एकटाच उरलोय.

माझ्या हातातला भाषणाचा कागद मऊ लागतो. बघतो तर तो कागद नाही, सदरा आहे. त्या दिवशी व्हरांड्यात माझ्या अंगात होता तो, चौकटीचा. गळ्याशी घामाचा पिवळा डाग.

"हा घे," मी म्हणतो. "हा ने."

"खूण कुटं हाय त्याला?"

खरंच नाही. आमच्या घरच्या सगळ्या कापडांना आहे, यालाच नाही.

ती कनवटीची चंची सोडते. त्यातून बिब्बा काढते, सुई काढते आणि माझ्या हातात देते.

"खूण तू करायचीस ना?"

"मी कुटं हाय आता? आपली खूण आपुन करा."

मी बिब्ब्याला सुई टोचतो. काळा चीक वर येतो. सदऱ्याच्या कोपऱ्यावर उभी रेघ ओढतो. खाली दोन टिंबं. चीक उजव्या हाताच्या बोटाला लागतो, जे बोट मी त्या दिवशी काशालिंगकडे केलं होतं त्याच बोटाला. मी ते धोतराला पुसायला जातो.

"पुसू नगासा," ती म्हणते आणि त्यावर चुन्याचं बोट टेकते. "उतंल. चार दिस आग हुईल. ऱ्हाऊ द्या."

ती सदरा हातात घेते. गाठोड्यात टाकायच्या आधी थांबते आणि मिस्कील बघते.

"झटकू न्हवं? तुमी काय देव न्हाई."

"झटक, आक्का."

ती दोन्ही हातांनी सदरा धरते आणि एकदाच, सगळ्या ताकदीनं झटकते. फाट!

दार वाऱ्यानं आपटलंय. पंखा घरघरतोय. अंगण कोरडं ठणठणीत, तुळस जागेवर.

"मामा, उठा," वैजयंता म्हणते. "पाहुणे आलेत. एसटी लवकर आली वाटतं."

मी उठून बसतो. उंबऱ्यापाशी एक वाळलेला म्हातारा चपला काढतोय. डोक्याला पटका नाही, साधी टोपी. काशालिंग. भाषणाचा कागद घामानं भिजून माझ्या पोटाला चिकटलाय, 'निष्कलंक'ची शाई बनियनला लागलीय. मी तो सोलून काढतो आणि तेव्हा उजव्या हाताचं बोट झणझणतं.

बघतो. पहिल्या पेरावर काळी उभी रेघ. तिच्या पायाशी दोन टिंबं. भोवतीची कातडी लाल होऊन फुगायला लागलीय.

"अगं बाई, बिब्बा उतलाय की हा!" वैजयंता बोट धरून बघते. "घरात बिब्बा कुठनं आला? थांबा, खोबरेल आणते."

"राहू दे," मी म्हणतो. "तू चहा टाक."

काशालिंग आत येतो. पाया पडायला वाकतो, मी त्याला अर्ध्यातच धरतो. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे तो. बाजल्यावर माझ्या शेजारी बसवतो. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतो. मागावर काम करून बोटं वाकडी झालीत.

"तात्या," तो हळूच म्हणतो, "सत्कार वगैरे ऱ्हाऊ द्या. मला एक इचारायचं हुतं तुमास्नी. कवाचं."

"विचारू नकोस," मी म्हणतो. "मीच सांगतो. काशालिंग, मी तुला बघितलं नव्हतं. मी देवळातच नव्हतो. घरी खीर खात बसलो होतो. गाव मला हसलं म्हणून मी तुझं नाव घेतलं. उद्या पालखीपुढं हेच सांगणार आहे, पण आधी तुला सांगतो."

आत कपबशा वाजायच्या थांबतात. वैजयंतानं ऐकलंय. ऐकू दे. बोटाची आग मनगटापर्यंत चढलीय.

काशालिंग माझ्याकडे बघत नाही. तो आपले दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलतो, उलटे करतो, सुलटे करतो, आणि तळव्यांकडे बघत राहतो.

"म्हंजे ह्या हातानं कायच झालं न्हवतं?" तो विचारतो.

"काही नाही."

"कायच न्हाई?"

"काही नाही रे, काशालिंग."